आधी माणसं बघा, मग कोर्स: पुणे विद्यापीठात नव्यानं येणाऱ्यांसाठी

दरवर्षी मे महिना लागला की एकच प्रश्न कानावर येतो: "विद्यापीठात कुठला कोर्स चांगला आहे?" विचारणारा लातूरचा असो, जळगावचा असो की मडगावचा, प्रश्न तोच. आणि त्याला उत्तर देता येत नाही, कारण तो अर्धाच विचारलेला असतो. कोर्सचं नाव सगळीकडे सारखं असतं. राज्यशास्त्राचं एम.ए. पुण्यात होतं, कोल्हापुरात होतं, संभाजीनगरातही होतं. फरक पडतो तो शिकवणारं कोण आहे आणि ते स्वतः सध्या कशावर काम करतायत यानं. माहितीपुस्तिकेत कोर्सची यादी पुढे छापतात, माणसांची मागे. तुम्ही ती उलटी वाचा. ती कशी वाचायची, ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ समोर ठेवून सांगतो. दुसऱ्या विद्यापीठात जाणार असाल तर विभागांची नावं बदलतील, पद्धत फारशी बदलणार नाही.

आपण नेमकं कुठे जातोय?

"मी पुणे विद्यापीठात शिकतो" या वाक्याचे चार अर्थ होतात, आणि नवीन मुलांचा पहिला गोंधळ इथेच होतो.

एक, गणेशखिंडीतल्या साधारण चारशे एकर आवारातले विद्यापीठाचे स्वतःचे विभाग. इथे मुख्यतः पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी. चालते. दोन, पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांतली संलग्न महाविद्यालयं. विद्यापीठाचे बहुसंख्य विद्यार्थी खरं तर इथे आहेत. पदवी विद्यापीठाची, पण वर्ग, शिक्षक, प्रयोगशाळा सगळं कॉलेजचं. तीन, मान्यताप्राप्त संशोधन केंद्रं. आगरकर संशोधन संस्था किंवा भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर यांसारख्या संस्थेत बसून काम करायचं आणि पीएच.डी. विद्यापीठाची घ्यायची, अशी ती सोय.

चौथा प्रकार सगळ्यात फसवा. विद्यापीठाच्या आवारात उभ्या असलेल्या, पण विद्यापीठाच्या नसलेल्या संस्था. जयंत नारळीकरांनी 1988 मध्ये उभी केलेली खगोलविज्ञानाची संस्था आयुका इथे आहे. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचा, म्हणजे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांचा कारभार बघणारं एनसीआरए इथे आहे. पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था एनसीसीएस इथेच. या सगळ्यांचे प्रवेश, शिक्षक, शिष्यवृत्त्या वेगळ्या. आयुकात पीएच.डी. करायची म्हणून विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरणारे दरवर्षी निघतात. तसं करू नका. त्या त्या संस्थेची जाहिरात वेगळी शोधा. मात्र शेजाराचा फायदा आहेच. या संस्थांतली व्याख्यानं बऱ्याचदा सगळ्यांना खुली असतात, आणि 28 फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी तर दारं उघडीच असतात. आयुकाची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी रचलेली. व्याख्यानाला गेलात तर अंगणातले आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन बघून या.

मुख्य इमारतीबद्दलही एक सांगून टाकतो, कारण आल्याआल्या सगळे तिच्यासमोर फोटो काढतात. विद्यापीठ 1949 चं, इमारत त्याच्या कितीतरी आधीची. हे मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरचं पावसाळी निवासस्थान होतं. 22 जून 1897 च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून रँड बाहेर पडला तो इथूनच, आणि गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्याला गाठलं. तुमचं शिकणं मात्र या इमारतीत होणार नाही. इथे कार्यालयं आणि सभागृहं आहेत, वर्ग आत झाडीमध्ये विखुरलेले आहेत.

विभागांची यादी सावकाश वाचा

2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं विद्याशाखा चार केल्या: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. पहिल्या तिघांत काय येतं ते नावावरून कळतं. चौथीत एकाच विषयाच्या चौकटीत न बसणारे अभ्यास येतात, आणि तिच्याकडे नवीन मुलं ढुंकूनही बघत नाहीत.

पदवीला जो विषय होता तोच पुढे घ्यायचा, ही आपल्याकडची सवय. बी.एस्सी. फिजिक्स झालं की एम.एस्सी. फिजिक्स. पण त्याच पदवीवर वातावरण व अवकाशशास्त्र, इन्स्ट्रुमेंटेशन सायन्स, किंवा मॉडेलिंग आणि सिम्युलेशन शिकवणारे विभागही इथे आहेत. त्या त्या वर्षीची पात्रता तेवढी तपासा. बारावीनंतर थेट यायचं असेल तर जैवमाहितीशास्त्र व जैवतंत्रज्ञान संस्थेचा पाच वर्षांचा एकात्मिक एम.एस्सी. आहे. कलाशाखेच्या मुलांसाठी संरक्षण व सामरिकशास्त्र, मानवशास्त्र, स्त्री अभ्यास, पाली, संस्कृत-प्राकृत असे विभाग आहेत. यातले बरेचसे विषय तुमच्या तालुक्याच्या कॉलेजात नसतात, म्हणून ते डोक्यात येतच नाहीत. ललित कला केंद्रात नाटक, संगीत, नृत्य यांची रीतसर पदवी मिळते. वर्गातलं शिक्षण आणि गुरूसमोर बसून घेतलेली तालीम यांची सांगड घालणारा तो विभाग आहे. सतीश आळेकर तिथे बरीच वर्षं प्रमुख होते.

अर्धवेळ कोर्सकडेही बघा. पाली विभागात प्रमाणपत्र आणि पदविका करता येते. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश शिकवतात. नोकरी करणारे, इंजिनिअरिंगची मुलं, निवृत्त आजोबा असे सगळे एकाच बाकावर बसलेले दिसतात. 2022 पासून विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, एकाच वेळी दोन पूर्ण कोर्स करायलाही परवानगी दिली आहे. अट एवढीच, की वर्गांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. पीएच.डी.ला ही सवलत नाही. माझं मत विचाराल तर पहिल्या सत्रात दुसरी पदवी अंगावर घेऊ नका, भाषेचा एखादा छोटा कोर्स घ्या.

अभ्यासक्रम म्हणजे नुसती विषयांची नावं नव्हेत

विभाग दोन-तीनवर आले की त्यांचे अभ्यासक्रम उतरवून घ्या. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी 88 श्रेयांकांची आहे, प्रत्येक सत्राला 22. बोलताना सगळे "क्रेडिट"च म्हणतात. आठवड्याला एक तास याप्रमाणे पंधरा तासांची थिअरी म्हणजे एक क्रेडिट, प्रॅक्टिकलला त्याच्या दुप्पट वेळ.

या 22 मधले बरेचसे सक्तीचे असतात. त्यावर वेळ घालवू नका. मुख्य विषयाचा गाभा सगळीकडे जवळपास सारखाच. लक्ष द्या ते चार ठिकाणी. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचे 4 क्रेडिट. दुसऱ्यात प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प, 4 क्रेडिट. तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात मिळून संशोधन प्रकल्पाचे 10. आणि प्रत्येक सत्रात ऐच्छिक विषयाचे 4.

ऐच्छिक विषयांची यादी म्हणजे विभागाचा आरसा. यादीत बारा विषय छापलेले असतील, पण शिकवायला माणूस असेल तरच विषय चालू होतो. म्हणून अभ्यासक्रमातली यादी पाहून हुरळून जाऊ नका. मागच्या वर्षी आणि यंदा प्रत्यक्षात कुठले ऐच्छिक विषय चालले, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. चालू सत्राचं वेळापत्रक विभागाच्या फलकावर लागलेलं असतं. त्याचा फोटो काढून आणा. माहितीपुस्तिकेपेक्षा तो कागद खरा.

प्रकल्पाबद्दलही तसंच. दहा क्रेडिट कमी नाहीत. काही ठिकाणी प्रकल्प म्हणजे इंटरनेटवरून जमवलेली साठ पानं आणि सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग. काही ठिकाणी त्यातून पुढची पीएच.डी. उभी राहते. मागच्या तुकडीचे प्रकल्प विभागात ठेवलेले असतात, बघायला मागा. दाखवायला कुणी तयार नसेल तर तेही एक उत्तर समजा.

आता माणसं

विभागाच्या पानावर शिक्षकांची यादी असते. पदं तीन: प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, सहायक प्राध्यापक. त्याखाली किंवा कधी कधी यादीत नसलेलेच, पण वर्गात रोज दिसणारे कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक. विद्यार्थी त्यांना "सीएचबीवरचे सर" म्हणतात. राज्यातल्या विद्यापीठांत नियमित पदं वर्षानुवर्षं रिकामी राहिली, त्यामुळे शिकवण्याचा मोठा भार याच लोकांवर आहे. त्यांना कमी लेखू नका. तरुण असतात, नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा पास झालेले असतात, विषय ताजा असतो, आणि तुमच्या अडचणी त्यांना कळतात कारण कालपर्यंत ते तुमच्याच जागी होते. अडचण एवढीच की पुढच्या वर्षी ते असतीलच याची खात्री त्यांना स्वतःलाही नसते. म्हणून विभाग निवडताना एक साधा हिशेब करा: मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि जे आहेत त्यातले किती जण निवृत्तीजवळ आले आहेत. विभागात चौकशी केलीत तर हे कळतं.

प्राध्यापकाच्या नावापुढे "विशेष अभ्यासक्षेत्र" असा रकाना असतो. त्यावर पूर्ण विसंबू नका. तो कधी कधी नेमणुकीच्या वेळी भरलेला असतो आणि पुढे कुणी हात लावलेला नसतो. त्याऐवजी गेल्या पाच वर्षांत काय लिहिलं ते पाहा. विज्ञान शाखेसाठी गुगल स्कॉलर किंवा प्राध्यापक-संशोधकांची माहिती देणारं इन्फ्लिबनेटचं "विद्वान" हे संकेतस्थळ पुरतं. पण मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान असे विषय असतील तर ही साधनं तोकडी पडतात. मराठीत लिहिणाऱ्या चांगल्या प्राध्यापकाचं काम नियतकालिकांत, संपादित ग्रंथांत, प्रस्तावनांत असतं. स्कॉलरवर त्याचा आकडा शून्याच्या आसपास दिसतो. त्या आकड्यावरून माणूस मोजलात तर विभागातला सगळ्यात वाचलेला माणूस तुमच्या हातून सुटेल. अशा विषयात ग्रंथालयात जाऊन नाव शोधावं लागतं.

एका माणसाच्या कामानं विभागाला कसं वळण लागतं याची उदाहरणं याच आवारात आहेत. संख्याशास्त्र विभाग वसंत शंकर हुजूरबाजार यांनी उभा केला आणि पुढे त्या विषयासाठी देशभरातून मुलं पुण्याला येऊ लागली. राज्यशास्त्रात राम बापटांच्या तासाला दुसऱ्या विभागांची मुलं येऊन बसायची. त्याच विभागात सुहास पळशीकरांनी निवडणुकांचा अभ्यास सर्वेक्षणाच्या अंगानं केला, आणि एम.ए.च्या मुलांना मतदाराच्या दारात जाऊन प्रश्नावली भरण्याचा अनुभव मिळू लागला. शर्मिला रेगे यांनी स्त्री अभ्यास केंद्रात जात आणि लिंगभाव हे दोन प्रश्न एकत्र ठेवले. नंतर या विषयात महाराष्ट्रात जे काही झालं त्यावर त्या कामाची छाप आहे. भूगोलात विश्वास काळे यांनी दख्खनच्या आणि मध्य भारतातल्या नद्यांच्या जुन्या महापुरांचा माग काढला. नदीकाठच्या गाळाच्या थरांवरून शेकडो वर्षांपूर्वीचा पूर वाचता येतो, हे भूगोलाच्या नेहमीच्या पुस्तकात कुठे सापडणार?

यातले काही आज हयात नाहीत, काही निवृत्त झाले. म्हणूनच जुन्या नावलौकिकावर जाऊ नका. "तो विभाग फार मोठा आहे" असं तुमचे काका सांगत असतील तर ते त्यांच्या काळाचं सांगत आहेत. आज तिथे कोण आहे?

आणखी एक यादी असते, ती कुठेच छापलेली नसते. विभागाचे लिपिक, प्रयोगशाळा सहायक, ग्रंथालयातले कर्मचारी, आणि ज्यांना सगळे "मामा" आणि "मावशी" म्हणतात ते. सर कुठल्या वेळी भेटतात, कुठला अर्ज कोणत्या टेबलावर अडकतो, कुठलं उपकरण बंद पडलंय, हे त्यांना माहीत असतं. विभागप्रमुख ठरावीक वर्षांनी बदलतात, मामा वर्षानुवर्षं तेच.

संशोधन तपासायची एक युक्ती

संशोधन म्हटलं की नवीन मुलांना वाटतं, ते पीएच.डी.वाल्यांचं. तसं नाही. ज्या विभागात काम चालू आहे तिथे एम.ए.-एम.एस्सी.च्या मुलालाही प्रकल्प, उपकरण, क्षेत्रभेट आणि कधी कधी मानधन मिळतं. जिथे काम थंडावलंय तिथे फक्त नोट्स.

तपासायला "शोधगंगा" उघडा. देशभरातले पीएच.डी. प्रबंध तिथे विनामूल्य वाचायला आहेत. विद्यापीठ निवडा, विभाग निवडा, आणि गेल्या सात-आठ वर्षांतले प्रबंध बघा. विषयांची नावं वाचलीत तरी वारा कुठल्या दिशेला आहे ते कळतं. एकाच साच्यातले, फक्त जिल्ह्याचं नाव बदललेले विषय रांगेनं दिसले तर सावध व्हा.

मग एखादा प्रबंध उघडा आणि थेट ऋणनिर्देशावर जा. हे पान कुणी गंभीरपणे वाचत नाही, पण त्यात सगळं असतं. गाईडचं नाव घेऊन विद्यार्थी काय लिहितो? "वेळोवेळी मार्गदर्शन केले" एवढंच, की कुठली अडचण आली आणि सरांनी ती कशी सोडवली ते? उपकरणं विभागातलीच वापरली, की नमुने घेऊन राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) नाहीतर आणखी कुठे हेलपाटे घातले? फेलोशिप कुठली होती? सोबतच्या संशोधकांची नावं किती आली? मन लावून चार-पाच ऋणनिर्देश वाचलेत तर प्रयोगशाळेतलं वातावरण आत न जाता कळतं.

दुसरी तपासणी नियतकालिकांची. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं आपल्याकडे उदंड झाली. गंमत म्हणजे त्यावर उपाय म्हणून यूजीसीनं विश्वासार्ह नियतकालिकांची जी केअर यादी केली, तिचं काम याच विद्यापीठातून चालायचं. 2025 च्या फेब्रुवारीत यूजीसीनं ती यादी बंद केली, त्यामुळे आता पारख तुमची तुम्हालाच करावी लागते. एखाद्या प्राध्यापकाच्या नावावर एकाच वर्षी चाळीस शोधनिबंध, तेही रसायनशास्त्रापासून ग्रामविकासापर्यंत सगळ्या विषयांवर, असं दिसलं तर कौतुक करून पुढच्या नावाकडे वळा.

भेटायला जायचं कसं

यादी करून झाली, आता भेट. आपली मुलं इथे बिचकतात, आणि ते समजण्यासारखं आहे. गावाकडच्या कॉलेजात सरांच्या खोलीत विनाकारण जायची पद्धत नसते. इथे चालतं. आधी ईमेल करा. इंग्रजी अडत असेल तर मराठीत लिहा, पण छोटं लिहा. साधारण असं:

"आदरणीय सर, मी अमुक महाविद्यालयात बी.ए. तृतीय वर्षाला आहे. आपल्या विभागात पुढील शिक्षण घेण्याचा विचार आहे. ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरावरचा आपला लेख वाचला. मी बीड जिल्ह्यातला असून याच विषयावर क्षेत्रीय प्रकल्प करण्याची इच्छा आहे. पुढील आठवड्यात पुण्यात येत आहे. पंधरा मिनिटे वेळ मिळू शकेल का?"

बस. "आपले कार्य अत्यंत प्रेरणादायी आहे" वगैरे नको, आणि एकच मजकूर दहा जणांना तर अजिबात नको. दोन प्राध्यापक चहाला एकत्र बसतात तेव्हा हे उघडं पडतंच. वाचलेल्या एका लेखाचा खरा उल्लेख बाकी सगळ्यापेक्षा जास्त वजनाचा. चार-पाच दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. तरीही नाही आलं तर थेट विभागात जा, बाहेर थांबा. परीक्षा आणि प्रवेशाच्या धामधुमीत ईमेल खरोखरच बघितले जात नाहीत.

भेटीत "स्कोप काय आहे?" हा प्रश्न विचारू नका. त्याऐवजी विचारा: मागच्या तुकडीतली मुलं आता काय करतायत? सध्या विभागात कुठले प्रकल्प चालू आहेत? यंदा कुठला ऐच्छिक विषय आपण शिकवणार? तिसऱ्या प्रश्नाला जर सरांचा चेहरा खुलला आणि पंधरा मिनिटांची पंचेचाळीस झाली, तर अर्धं काम झालं.

प्रवेश आणि कागदपत्रं

हा भाग रूक्ष आहे, भराभर सांगतो. बहुतेक विभागांसाठी विद्यापीठ स्वतः ऑनलाइन प्रवेश परीक्षा घेतं. जाहिरात उन्हाळ्यात येते. एम.बी.ए.सारख्या व्यावसायिक कोर्सचा प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत, त्याची तारीख वेगळी आणि बरीच आधी. दोन-तीन विभागांना फॉर्म भरणं शहाणपणाचं.

दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र लागतं, आणि ते जुन्या विद्यापीठातून मिळायला वेळ जातो. निकाल लागला त्याच दिवशी अर्ज टाका. जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास हे सगळे कागद आईवडिलांच्या घरून निघतानाच फाइलमध्ये असू द्या. पुण्यातून तहसील कार्यालयाच्या चकरा मारता येत नाहीत.

पैशांचं म्हणाल तर शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर. विद्यार्थी विकास मंडळाची "कमवा आणि शिका" योजना आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून आलेली ही योजना. रोज काही तास ग्रंथालयात, विभागात, बागेत काम करायचं आणि तासाप्रमाणे मोबदला घ्यायचा. फार पैसे मिळत नाहीत, पण मेसचा भार हलका होतो, आणि विभाग आतून कळतो तो वेगळाच फायदा. वसतिगृहाच्या जागा मागणीच्या मानानं कमी. नाव लागेलच असं धरून चालू नका.

पुढे पीएच.डी. डोक्यात असेल तर

याचा विचार प्रवेशाच्या वेळीच करावा, कारण इथे माणसं बघण्याचा मुद्दा सगळ्यात जास्त लागू होतो. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थीच घेता येतात. गाईड नियमित पदावरचाच लागतो, म्हणजे सीएचबीवरच्या आवडत्या सरांकडे पीएच.डी. करता येणार नाही. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाहीत. आता हे तिन्ही नियम तुमच्या यादीला लावून बघा. ज्यांच्यासाठी तुम्ही पुण्याला येताय ते तुमचं एम.ए. होईपर्यंत या चाळणीतून खाली पडत असतील, तर आज दुसरं नाव शोधायला हवं.

पीएच.डी.ला किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा. एम.फिल. आता नाही. चार वर्षांची पदवी 75 टक्क्यांनी केलेल्यांना थेट पीएच.डी.चा दरवाजा उघडलाय, पण माझा सल्ला, तरीही एखादं वर्ष पदव्युत्तर वर्गात बसा. प्रवेशासाठी विद्यापीठाची पेट, म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षा असते. नेट किंवा सेट असेल तर काम सोपं होतं. सेटचं सांगायचं तर महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांसाठी ती परीक्षा हेच विद्यापीठ घेतं, त्यामुळे पणजीच्या मुलाच्या प्रमाणपत्रावरही पुण्याचंच नाव येतं.

नेटमधून मिळणारी जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाली तर महिना 37,000 रुपये, पुढे 42,000. ती नसेल तर राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी टीआरटीआय यांच्या योजना बघा. या फेलोशिपच्या जाहिराती उशिरा येतात आणि पैसे त्याहून उशिरा. पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय हाताशी ठेवूनच नाव नोंदवा.

आल्यावर पहिला महिना

जयकर ग्रंथालयाचं कार्ड पहिल्या आठवड्यात काढा. विद्यापीठाचे पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर, त्यांचं हे नाव. वाचनकक्षात बसलेल्यांतले बरेच जण एमपीएससीवाले असतात. जागा मिळवायला सकाळी लवकर यावं लागतं. पुस्तकांच्या मांडण्यांमध्ये मात्र कुणीच नसतं. तिथे जा. ऑनलाइन नियतकालिकं बाहेरून उघडायचा पासवर्ड ग्रंथालयातून मिळतो. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

दुसऱ्या विभागांचे फलक वाचायची सवय लावा. जवळजवळ रोज कुठेतरी व्याख्यान असतं, आणि बाहेरच्या विद्यार्थ्याला कुणी हाकलत नाही. अनिकेत कँटीन आणि अलिस गार्डन इथे कुठल्या विभागात खरंच काय चाललंय याची चर्चा ऐकायला मिळते. तिथलं सगळं खरं नसतं, पण बरंच असतं. विज्ञानाचे असाल तर केंद्रीय उपकरण सुविधेत कुठली यंत्रं आहेत आणि नमुना तपासायचा अर्ज कसा भरायचा, हे प्रकल्प सुरू व्हायच्या आधी विचारून ठेवा. चौथ्या सत्रात सगळेच रांगेत असतात.

अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधलं, म्हणजे तुमची क्रेडिट जमा होतात ते ऑनलाइन खातं उघडलंय ना, आणि त्यावरचं नाव गुणपत्रिकेशी अक्षर न् अक्षर जुळतं ना, तेही याच महिन्यात पाहा. आईचं नाव पुढे-मागे झालं म्हणून क्रेडिट अडकतात.

हे सगळं करूनही विषय मनाला लागला नाही, तर रेटत बसू नका. पहिलं वर्ष पूर्ण करून 44 क्रेडिट मिळवलेत की पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं, आणि क्रेडिट खात्यात जमा राहतात. बाहेर पडण्याचा अर्ज दुसरं सत्र संपायच्या आधी विभागात विचारा, आणि पदविकेचं प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत मूळ कागद विद्यापीठातून सोडवायची घाई करू नका.